समुद्रात भाकरी चुरणारी

मागच्या पौषात रेवणप्पाच्या घरची सगळी माणसं आठ दिवस अंदमानला फिरून आली. घरी मागं राहिल्या दोघी. एक त्याची बायको शिवगंगाबाई आणि दुसरी तिची चंद्री म्हैस.

म्हशीला विमानात जागा नसते हे कुणालाही कळतं. शिवगंगाबाईला मात्र म्हशीमुळं जागा नव्हती. चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, लाथ झाडते, तेव्हा घरी कुणीतरी थांबायला पाहिजे असं ठरलं होतं. ठरवलं होतं धाकट्या जावेनं, शिवप्रियानं. ही पुण्याला राहते. नवरा शांतलिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि हिचा हुद्दा त्याच्याहून मोठा. वर्षातून एकदा येळवशीला गाडी भरून गावी येते, खाते, फोटो काढते आणि जाताना डबे भरून नेते.

येळवस म्हणजे काय हे मुरूम-उमरग्याकडच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला मात्र सांगावं लागतं. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव रानात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला पोटभर वाढायचं. नाना भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि या सगळ्याच्या वर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली, लसणाचा वास नाकात बसेल अशी. ती मातीच्या बिंदगीत भरून घरच्या बाईनं डोक्यावर रानात न्यायची.

मागच्या येळवशीला शिवगंगाबाईनं सगळ्या खटल्याला जेवू घातलं. माणसं खोपीच्या सावलीला पोटावर हात ठेवून पडली होती. अंदमानचा विषय निघाला. शिवगंगाबाई भांडी गोळा करत होती. ती नुसतं एवढंच बोलली की समुद्र म्या कधी बघितला न्हाय. त्यावर शिवप्रिया खिरीची वाटी चाटता चाटता म्हणाली, "अक्कांना समुद्र दाखवला तर त्यात भाकरी चुरून खायला बसतील."

सगळे हसले. दीर हसला. पोटचा पोरगा शिवकुमार, तोही आईकडं पाठ करून हसला. आणि रेवणप्पा, ज्याचे दात लग्नाच्या दिवसापासून बायकोनं कधी नीट बघितले नव्हते, तो माणूस डोळ्याला उपरणं लावून हसला. जावेचं तिनं सोडून दिलं असतं. जाव ती जावच. पण नवऱ्याचं हसणं तिच्या कानात शिरलं ते बाहेर निघालं नाही.

परत येताना मंडळींनी तिच्यासाठी बाटलीत भरलेली पांढरी वाळू आणली. तुमच्यासाठी समुद्र आणलाय अक्का, असं म्हणून जावेनं ती कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी शिवगंगाबाईनं त्या वाळूनं भज्जीचं काळं पडलेलं पातेलं घासलं. लख्ख निघालं. बाटली खोबरेल ठेवायला कामाला आली.

पुढं वैशाखात शिवकुमारचं लग्न झालं आणि दीपमाला सून म्हणून घरात आली. अंदमानला ती नव्हती, म्हणजे हसणाऱ्यात नव्हती. सासूनं तिला जवळ केली ती या एका गुणावर. बाकीचे गुण नंतर कळले. पोरगी नळदुर्गची, हिशेबी बोलायची, आणि फोनवर जगातलं काहीही शोधून काढायची. शिवकुमारनं तिला लग्नानंतर तुळजापूरला नेलं होतं, त्याच्यापुढं कुठं नाही. खत-बियाणाच्या दुकानातून त्याला सवड नसे.

दसरा झाल्यावर शिवप्रियाचा फोन आला. अर्पिताचं, म्हणजे तिच्या लेकीचं, जमत आलंय. मुलाकडची माणसं एकदा घरदार, शेतशिवार बघायचं म्हणतायत. तर त्यांना येळवशीलाच आणते. आंबील आमच्या घरात मीच करते असं बोलण्याच्या भरात सांगून बसले आहे, तेव्हा अक्कांनी लोकांसमोर काही वेगळं बोलू नये. आणि ती माणसं मोठी आहेत, आंबट चालणार नाही, आंबिलीत जरा साखर टाकावी.

शिवगंगाबाई सगळ्याला व्हय म्हणत गेली. फोन ठेवला आणि उंबऱ्यावर बसली. मग तिला तिची सासू आठवली. लक्ष्मम्मा. जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचे रिवाज घरात तिच्यापेक्षा टणक होते. बिंदगी घरच्या थोरल्या सुनेनं उचलायची. अनवाणी जायचं, वाटेत बोलायचं नाही, बिंदगी कुठं टेकवायची नाही. थोरली गावात असताना धाकटीनं तिला हात लावायचा नाही. आणि थोरली गावात नसली, तर धाकटीनंच उचलायची. नातसुनेचा नंबर त्याच्यानंतर. त्या घरात एक वेळ दिवाळी चुकेल, हे चुकणार नाही. रेवणप्पा आणि शांतलिंग दोघंही आईच्या या शब्दापुढं मान वर करत नसत.

म्हणजे शिवगंगाबाईनं त्या दिवशी काही करायचंच नव्हतं. फक्त गावात नसायचं होतं.

तिनं दीपमालाला हाक मारली आणि विचारलं, अंदमानला जायला काय काय लागतं.

दीपमाला आधी हसली, मग सासूचं तोंड बघून हसायची थांबली. संध्याकाळपर्यंत तिनं सगळं काढलं. इथनं पुण्याला जायची गरज नाही, हैदराबाद जवळ. संध्याकाळची गाडी धरली तर रात्रीतनं हैदराबाद, पहाटेचं विमान, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत माणूस समुद्राच्या काठावर. उमरग्याच्या एका टूरवाल्याचा बायकांचा गट जातच होता, पण येळवस झाल्यावर. शिवगंगाबाई स्वतः त्याच्या दुकानात गेली. त्यानं समजावलं, मावशी, आपल्या भागातनं येळवशीला कोण बाहेर पडतं? शिवगंगाबाई म्हणाली की त्याच दिवशी न्यायचं असलं तर बोल, नाहीतर राहू दे. शेवटी त्यानं हैदराबादच्या दुसऱ्या गटात दोघींची सोय लावली. चंद्रीच्या तुपाचे पैसे शिवगंगाबाईच्या गाठीला होते. म्हशीनं मागं ठेवलं होतं, तिनंच न्यावं, यात तिला मोठा न्याय वाटला.

दोघी कशाला, असं दीपमालानं विचारून बघितलं. मी घरी थांबते, स्वयंपाकाचं बघते. शिवगंगाबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं आणि सांगितलं की घरात हात लावायला एक बाई उरता कामा नये. दीपमालाला हे पटायला वेळ लागला नाही. नवऱ्यानं न्यायचं ते सासू नेत होती.

मग तयारी सुरू झाली, आणि ती सगळी गुपचूप. विमानात गळ्यातलं लिंग काढायला लावतात का, हा पहिला प्रश्न. लावत नाहीत असं कळल्यावर निम्मा घोर गेला. तिकडं जिथं तिथं मासे, मग खायचं काय, हा दुसरा. त्याचा बंदोबस्त तिनं स्वतः केला. महिनाभर टिकतील अशा कडक भाकऱ्या भाजल्या, शेंगांची चटणी कुटली, आणि वाळूची बाटली ज्या पिशवीतनं आली होती त्या पिशवीतच बांधून ठेवली. दीपमालानं समुद्रात उतरायला पंजाबी ड्रेस घ्या म्हणून बघितलं. शिवगंगाबाई म्हणाली, समुद्रानं आजवर इरकल बघितलं नसंल तर बघू दे. एक लुगडं भिजायचं, एक वाळायचं आणि एक मिरवायचं, असं तिनं ठरवलं.

राहिली चंद्री.

कार्तिक लागला तसे शिवगंगाबाईचे गुडघे दुखायला लागले. म्हणजे तसं तिनं जाहीर केलं. खाली बसवत नाही, धार काढवत नाही. रेवणप्पानं चरवी घेतली आणि चंद्रीखाली बसला. चंद्रीनं चरवी उडवली, मग रेवणप्पाला उडवलं. शिवगंगाबाई भिंतीला टेकून गुडघे चोळत बघत होती. मग तिनं तोड सांगितली. म्हशीला मालकिणीचा वास पाहिजे, माझं लुगडं अंगावर घ्या.

तेव्हापासून रेवणप्पा रोज सकाळ-संध्याकाळ बायकोचं जुनं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन गोठ्यात बसू लागला. मिशा मात्र झाकत नव्हत्या. चंद्री एकदा वळून बघायची, हुंगायची आणि विचार करून पान्हा सोडायची. गल्लीतल्या बायका पाण्याचं निमित्त काढून गोठ्यापुढनं जाऊ लागल्या. एक जण तर काय हो वहिनी, म्हणून गेली. रेवणप्पा घरात येऊन लुगडं भिरकावत म्हणाला की लोक हसतात.

"हसू द्या की," शिवगंगाबाई म्हणाली. "हसण्यानं माणसाचं काय जातंय."

रेवणप्पाला कळलं. त्या घटकेला त्याला येळवशीची खोप आठवली असणार, कारण त्यानं लुगडं उचलून नीट घडी घातली.

निघायच्या दोन दिवस आधी तिनं त्याला सांगून टाकलं. चार दिवस आधी सांगितलं असतं तर त्यानं भावाला फोन केला असता. आता फोन करायची त्याची छाती नव्हती, आणि तशी तंबीही होती. तो ओसरीवर टेकला आणि पोरीचं लग्न मोडलं तर, एवढंच म्हणाला. हा घाव बरोबर लागला. अर्पिताला पहिली आंघोळ शिवगंगाबाईनं घातली होती. शिवप्रियाला ताप भरला होता तेव्हा हे पोर सव्वा महिना हिच्याच मांडीवर होतं, आणि आजही मोठ्याई म्हणून गळ्यात पडायचं. खोपीत त्या दिवशी अर्पिता हसली होती का, हे शिवगंगाबाईनं पुष्कळ आठवून बघितलं. आठवलं नाही.

ती दुपार तिची वाईट गेली. शिजवायचं सामान झाकून ठेवलं होतं ते तिनं दोनदा उघडलं, दोनदा झाकलं. मग उठली, ज्वारीचं पीठ घेतलं, रांजणातलं ताक ओतलं आणि आंबील आंबवायला घातली. रेवणप्पानं बघितलं आणि त्याचं तोंड उजळलं. त्याला वाटलं बेत फिरला.

"आंबील पोरीसाठी आणि जमिनीसाठी," शिवगंगाबाई म्हणाली. "त्यांच्याशी माझं वाकडं न्हाय. ती न्यायची कुणी, ते तुमच्या आईनं ठरवलंय."

रेवणप्पा हळूच म्हणाला, "मग मला बी ने की."

या वाक्याची ती वर्षभर वाट बघत होती. तिनं पिठाचा हात धुतला, पदराला पुसला आणि सावकाश उत्तर दिलं. "म्हशीला बघायला कुणीतरी पाहिजे."

येळवशीच्या आदल्या दिवशी तिनं आंबील शिजवली. जशी लागते तशी, आंबट. साखरेचा डबा फडताळातनं खाली काढलाही नाही. दोन बिंदग्या होत्या, एक लहान आणि एक सासूच्या वेळची, गरोदर बाईसारखी. तिनं सासूची घेतली. गळ्यापर्यंत भरतात, तिनं काठापर्यंत भरली. वर कापड बांधलं, पण सैल.

ऊन कलताना गाडी दारात आली. शिवप्रिया उतरली. पाहुणे मुरूमला एका नातलगाकडं थांबले होते, ते सकाळी थेट रानात येणार होते. तिनं चपला काढल्या, डोळ्यावरचा चष्मा डोक्यावर सरकवला, आणि तिला उंबऱ्यात नवी कोरी चाकाची बॅग दिसली. बॅगेमागं शिवगंगाबाई, मिरवायच्या लुगड्यात. तिच्यामागं दीपमाला.

"अक्का, कुठं निघालात?"

"समुद्राला. भाकरी बांधून घेतलीय."

शिवप्रियाला आधी चेष्टाच वाटली. ती थोरल्या दिराकडं बघायला लागली. दीर गोठ्यात होता, डोक्यावर पदर घेऊन. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. शांतलिंगनं विचारलं की उद्या येळवस असताना हे काय. वहिनीनं त्याला त्याच्या आईचा रिवाज आठवून दिला, शब्दाला शब्द, लक्ष्मम्माच्याच कानडी हेलात. शांतलिंगनं मान खाली घातली ती वर केली नाही.

शिवप्रिया जवळ आली. "अक्का, मुलाची आई असणार उद्या. माझ्याच्यानं नाही व्हायचं. भज्जीत काय पडतं तेसुद्धा मला माहीत नाही."

"तूच करतीस म्हणून सांगितलंस न्हवं?"

"चुकलं माझं. तुम्ही उद्याचा दिवस थांबा. पाया पडते." तिनं वाकून पाय धरले.

शिवगंगाबाईला वाटलं होतं की हे शब्द ऐकल्यावर गार वाटेल. तसं काही झालं नाही. तिनं जावेला नीट न्याहाळलं. पायाची नखं रंगवलेली, टाचा गुलाबी, कधी ढेकूळ न लागलेल्या.

"विमान म्हशीसाठी थांबलं न्हाय, तुझ्यासाठी कसं थांबंल," ती म्हणाली. "पाय सोड. आंबील भरून ठेवलीय, तेवढी सांडू नको. भाज्या निवडलेल्या हायत. बाकी फोनवर बघ, फोनवर समदं असतंय."

अर्पिता गाडीपाशी उभी होती. तिनं पुढं येऊन मोठ्याईची बॅग उचलली आणि रिक्षापर्यंत ओढत नेली. तेवढ्यात आईनं तिला दोनदा हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवगंगाबाई पोर्ट ब्लेअरच्या एका किनाऱ्यावर नारळाच्या झाडाखाली बसली होती. गटातल्या बायका पाण्यात शिरून किंचाळत होत्या. ती अजून उतरली नव्हती. ती दीपमालाच्या फोनकडं बघत होती.

फोन वाजला. अर्पिताचा होता. पडद्यावर आधी ज्वारी दिसली, मग खोप, मग शिवप्रिया. डोक्यावर सासूची बिंदगी, मान ताठ, ओठ मिटलेले. कापड सुटलं होतं. आंबिलीचा ओघळ भांगातनं कपाळावर, कपाळावरनं रेशमी साडीवर उतरला होता. पाय चिखलानं नाही, काळ्या मातीनं माखलेले. ती एकेक ढेकूळ चाचपत चालत होती, आणि मागनं पाहुणे हातात मोबाईल धरून येत होते. शिवगंगाबाईनं डोळ्याची पापणी लवू दिली नाही. बिंदगी खोपीत उतरली. पडली नाही, टेकली नाही. पडू नये असंच तिला वाटत होतं. तरी ती पडली नाही याचा तिला थोडा राग आला.

मुलाच्या आईनं पेला तोंडाला लावला. बाई पुण्याची असली तरी माहेर अक्कलकोटकडचं निघालं. तिनं पेला एका दमात रिकामा केला, दुसरा मागितला, आणि अशी आंबट आंबील आई गेल्यापासून पोटात गेली नव्हती म्हणाली. कुणी केली, तुम्हीच का, असं तिनं शिवप्रियाला विचारलं.

शिवप्रियानं तोंड उघडलं. तेवढ्यात कडेनं आवाज आला.

"आमच्या हिनं केलीय," रेवणप्पा म्हणाला. नडगीला फडकं बांधलेलं होतं, चंद्रीनं सकाळी हिशेब केलेला दिसत होता. "थोरली सून. ती समुद्रावर गेलीय."

मग फोन त्याच्या हातात गेला. तो पडद्याला फार जवळ तोंड नेऊन बोलायचा, नुसत्या मिशा दिसत होत्या. त्यानं विचारलं, "कधी येतीस?"

"अजून पाण्यात पाय बी घातला न्हाय," शिवगंगाबाई म्हणाली आणि फोन सुनेकडं दिला. आवाज जरा मऊ निघाला हे तिला आवडलं नाही.

मग ती उठली. पिशवीतनं कडक भाकरी काढली, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत. गुडघे अजिबात दुखत नव्हते. रानात आज या वेळेला चर शिंपतात. आंबील आणि अन्न चारी दिशांना पिकावर उडवतात आणि मोठ्यानं आरोळी देतात. तिनं दोन्ही हातांनी भाकरी चुरली आणि चारी दिशांना समुद्रावर उडवली. आरोळीही दिली, मुरूमच्या शिवारात देतात तशी, पोटातनं. गटातल्या बायका किंचाळायच्या थांबल्या.

दीपमालानं फोटो काढला. तो घरच्या ग्रुपवर टाकायला सांगून शिवगंगाबाईनं खाली लिहायचा मजकूरही सांगितला: भाकरी चुरली. बसले न्हाय, उभी हाय.

एकेकाच्या निळ्या खुणा आल्या. दिराची आली, पोराची आली. शेवटी शिवप्रियाची आली. उत्तर कुणाचंच आलं नाही. शिवगंगाबाईनं ते सुनेकडनं दोनदा बघून घेतलं, आणि मग पाण्यात उभ्या उभ्याच उरलेली अर्धी भाकरी चटणी लावून खाल्ली.